रेघेची मालकी

महाराष्ट्र शासनाने २०२० साली सातबाऱ्याच्या उताऱ्याचे रूप पालटण्याचे ठरविले, तेव्हा जे फेरबदल जाहीर झाले त्यांत शासनाचे बोधचिन्ह, गावाचा संकेतांक, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक अशा भारदस्त बाबींच्या पंक्तीला एक अत्यंत लीन आणि अबोल बाब बसलेली होती. ती अशी की, यापुढे गाव नमुना सातवर कोणत्याही दोन खातेदारांच्या नावांमध्ये ठिपक्यांची एक रेघ छापली जाईल. बोधचिन्हाची चर्चा झाली, संकेतांकाची झाली. ठिपक्यांच्या रेघेवर कोणी अग्रलेख लिहिल्याचे मात्र माझ्या तरी पाहण्यात नाही. वास्तविक जमीन महसुलाची संहिता १९६६ ची आणि तिच्याखालील हक्कनोंदणीचे नियम १९७१ चे. म्हणजे दोन भावांच्या मध्ये एक रेघ ओढावी की न ओढावी, या प्रश्नाचा खल सुमारे पन्नास वर्षे चालला, आणि विचारान्ती जी रेघ ओढली तीही अखंड न ओढता तुटक ठिपक्यांची ओढली, यात जो मुत्सद्दीपणा आहे त्याचे कौतुक करणारा एकही राज्यशास्त्रज्ञ निघू नये याचा मला मनापासून विषाद वाटतो. अखंड रेघ म्हणजे वाटणी झाली. रेघच नसणे म्हणजे अंदाधुंदी. आणि ठिपक्यांची रेघ म्हणजे, तुम्ही दोघे वेगळे इसम आहात हे सरकारास ठाऊक आहे, परंतु तुम्ही वेगळे झालात असे सरकारचे म्हणणे नाही.

अलिबागेच्या आसमंतातील ज्या किनारपट्टीस अष्टागर म्हणतात, तेथल्या माणसास या रेघेची थोरवी समजावून सांगावी लागत नाही. येथे जमीन गुंठ्यांनी असते आणि तिच्यावरची नावे डझनांनी. एखादी नारळी-पोफळीची वाडी घ्यावी, तिच्यात एक विहीर, विहिरीवर पूर्वी रहाट होता त्याचे दोन दगडी खांब, आणि उताऱ्यावर पाहावे तर कंसात गेलेले आजोबा, मुंबईस गिरणीत गेलेले चुलते, लग्न होऊन पेणेस व मुरुडास गेलेल्या आत्या, त्यांची मुले, मुलांच्या विधवा, आणि अज्ञान पालनकर्त्यासह एखादा नातू, जो आता केस पिकलेला गृहस्थ असून कागदावर मात्र अज्ञानच आहे. ही सर्व मंडळी पूर्वीच्या छापील उताऱ्यात एकाच रकान्यात एकाखाली एक अशी दाटीवाटीने उभी असत. रकाना अरुंद आणि कोकणी माणसाचे नाव वडिलांच्या नावासह व आडनावासह लांब. त्यामुळे नाव एका ओळीत मावेना, आडनाव खालच्या ओळीवर सांडे, त्याच्याच खाली पुढच्या वारसाचे नाव सुरू होई, आणि वाचणाऱ्यास कळेना की हा एक मनुष्य दोन ओळींत राहतो आहे की दोन मनुष्य एकेका ओळीत. एकाच इसमाचे नाव आणि आडनाव हे परस्परांचे सहहिस्सेदार ठरावेत, इतकी सोय त्या रचनेत होती.

नव्या नमुन्याचे उतारे मिळू लागल्यावर एका सेवा केंद्राच्या फळीपाशी मी उभा असताना घडलेला संवाद येथे नमूद करतो. धोतर नेसलेले, हातात छत्री आणि काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीतले दप्तर घेतलेले एक वृद्ध गृहस्थ उतारा डोळ्यांशी धरून बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी नखाने एका जागी खूण केली आणि फळीपलीकडच्या मुलास विचारले, “बाळा, ह्या टिंबांच्या वरती मी, की खालती?”

“वरती तुम्ही, तात्या. खालती बंडूकाका.”

“ते दिसतंय. पण टिंबं कोणाच्या बाजूची?”

मुलाने मान वर न करता सांगितले, “टिंबं कोणाच्याच बाजूची नाहीत. ती कम्प्युटर टाकतो.”

“म्हणजे सरकारची,” असे म्हणून तात्यांनी उतारा बरोबर त्या ठिपक्यांवर दुमडला, अंगठ्याने घडी दाबली, आणि बंडूकाका आत जातील अशा बेताने कागद खिशात घातला.

मुलगा हसला, मला हसू आले नाही. कारण रेघ कोणाच्या बाजूची हा प्रश्न तात्यांनी पोफळीच्या वाडीतून आणला असला, तरी कागदावर कोष्टके जुळविण्याच्या ज्या संगणकीय व्यवस्था जगात निर्माण झाल्या, त्यांच्या कर्त्यांना अर्धे शतक याच प्रश्नाने भंडावून सोडले आहे, आणि त्यांनी दिलेली उत्तरे एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. दोन चौकोन शेजारी शेजारी आले की त्यांच्या मधली रेघ एकच. मग ती डावीकडच्याची की उजवीकडच्याची? वरच्याने तिला जाड करावयास सांगितले आणि खालच्याने पुसावयास सांगितले, तर आज्ञा कोणाची पाळावी? प्रश्न दिसावयास पोरकट आहे. पण कोकणातील किती फौजदारी खटल्यांचा उगम याहून फारशा वेगळ्या प्रश्नात नाही हे वकिलांस विचारावे.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मायकेल लेस्क यांनी सत्तरीच्या दशकात ‘टीबीएल’ नावाची जी व्यवस्था रचली, तिच्यात हा कारभार सुटसुटीत होता. कोष्टकाच्या ओळीच्या जागी नुसती खालची आडवी खूण टंकली की पूर्ण रुंदीची एकेरी रेघ उमटे, आणि बरोबरीचे चिन्ह टंकले की दुहेरी. म्हणजे बरोबरीच्या खुणेने दुरावा दुप्पट होई, ज्याचा अनुभव भाऊबंदकीत कोणालाही येतो. तिथे भांडण नव्हते, कारण तिथे फारसे स्वातंत्र्य नव्हते. पुढे डोनाल्ड क्नूथ या गणित्याने आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून, इतकी कुरूप पाने माझ्या नावावर नकोत अशा उद्वेगाने, १९७७ साली स्वतःचीच अक्षरजुळणीची व्यवस्था करावयास घेतली. हीच ती ‘टेक’. तिच्यात कोष्टकाला किनार म्हणून काही वस्तूच नाही. उभी रेघ हवी असेल तर तिच्यासाठी एक स्वतंत्र स्तंभ मांडावयाचा आणि त्या स्तंभात रेघेखेरीज दुसरे काही घालावयाचे नाही. क्नूथ यांच्या राज्यात रेघ ही कोणाच्या मालकीची नसून ती स्वतःच खातेदार आहे. तिला तिचा सर्व्हे नंबर आहे. सिद्धान्त म्हणून हे इतके निर्मळ आहे की व्यवहारात कोणासही परवडत नाही.

म्हणून लेस्ली लॅम्पोर्ट यांनी टेकच्या पायावर ‘लाटेक’ उभारताना गावच्या वहिवाटीसारखी एक वहिवाट घालून दिली: स्तंभाच्या उजवीकडची रेघ त्या स्तंभाची; फक्त पहिला स्तंभ तेवढा दोन्ही बाजूंच्या रेघांचा धनी. ही वहिवाट ज्यास ठाऊक नसते त्याची फजिती पाहण्यासारखी असते. मधल्या एका चौकोनाच्या दोन्ही बाजूंच्या रेघा काढून टाकाव्यात म्हणून तो त्या चौकोनास स्वतंत्र सनद देतो. उजवीकडची रेघ निमूटपणे नाहीशी होते, आणि डावीकडची जागची हलत नाही, कारण ती त्याची कधी नव्हतीच. ती शेजाऱ्याची. आपल्या अंगणातली रेघ पुसावयाची तर शेजाऱ्याच्या घरी जाऊन अर्ज करावा लागतो, आणि शेजारी म्हणतो, मला तर ती हवी आहे. या रेघेची जाडी, मुद्दाम बदलली नाही तर, ०.४ पॉइंट, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे सातवा भाग. आमच्याकडे भाताच्या दोन खाचरांमधला बांध आजोबांच्या काळी माणूस सहज चालून जाईल इतका रुंद असतो. मग दोन्हीकडचे नातू दर पावसाळ्यापूर्वी आपापल्या बाजूने तो थोडा थोडा कोरतात, आणि अशा रीतीने तोही लॅम्पोर्टसाहेबांच्या मापाकडे वाटचाल करीत राहतो.

या सर्वांवर कडी केली ती संगणकाच्या पडद्यावरील पाने सजविणाऱ्यांनी. ‘सीएसएस’ या नावाने जी नियमावली प्रसिद्ध आहे तिच्या १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत दोन पंथ सांगितले आहेत. पहिला पंथ असा की, प्रत्येक चौकोनाला चारी बाजूंनी स्वतःची किनार असावी आणि दोन किनारींच्या मध्ये थोडी मोकळी जागा सोडावी. या पंथाचे अनुयायी आपल्याकडे उदंड आहेत. किहीम-नागावच्या रस्त्याने जाताना पाहावे: पूर्वी जेथे दोन वाड्यांच्या मध्ये एकच जांभ्या दगडाचा गडगा असे आणि त्याच्यावरून दोन्हीकडच्या बायका बोलत, तेथे आता मुंबईकरांच्या बंगल्यांच्या दोन स्वतंत्र भिंती, आणि मध्ये हातभर बोळ, ज्यात कुत्रीही वळू शकत नाहीत. भांडण होत नाही हे खरे. परंतु जागा किती खर्ची पडते याचा हिशोब जमिनीच्या आजच्या भावाने करावा.

दुसऱ्या पंथात किनार सामाईक, आणि म्हणून तंटा अटळ. तो मिटविण्यासाठी जी कलमे लिहिली आहेत ती वाचताना आपण मामलेदार कोर्टाचा निकाल वाचीत आहोत असा भास होतो. दोहोंपैकी कोणी एकाने जरी रेघ लपवावी असे विशेष शब्दाने सांगितले, तर ती लपते; इतर सर्वांचे म्हणणे रद्द. तसे नसेल तर जाड रेघ बारीक रेघेवर मात करते. जाडी सारखी असेल तर दुहेरी रेघ एकेरीवर, एकेरी तुटकीवर, आणि तुटकी ठिपक्यांच्या रेघेवर. रूपही सारखेच असेल आणि तंटा केवळ रंगाचा असेल तर चौकोनाचे म्हणणे ओळीपुढे टिकते, ओळीचे स्तंभापुढे, आणि सर्वांत शेवटी संपूर्ण कोष्टकाचे. दोन चौकोनच एकमेकांशी भांडत असतील तर जो अधिक डावीकडे आणि अधिक वर असेल तो जिंकतो. कारण काही दिलेले नाही, पण थोरल्या भावाने वडिलांच्या खोलीचा ताबा घेताना तरी कारण कोठे दिलेले असते? या क्रमात ठिपक्यांची रेघ इतकी खाली आहे की सातबाऱ्यावरील आपली ती सरकारी रेघ या न्यायालयात उभी केली असती, तर तीच जाडी मिरविणाऱ्या कोणत्याही एकेरी रेघेने तिला पहिल्याच तारखेस हरविले असते.

या निकालपत्रातील एकच कलम मला सर्वस्वी अमान्य आहे, आणि ते म्हणजे संपूर्ण कोष्टकाच्या बाहेरच्या चौकटीस सर्वांत कनिष्ठ मानणे. ज्याने हे लिहिले त्याने खारेपाट पाहिलेला नाही. पेण आणि अलिबाग तालुक्यांतील खाडीकाठच्या खारजमिनी मुळात समुद्राच्या; बांध घालून, भरतीचे पाणी बाहेर ठेवून, त्या भाताखाली आणल्या. अशा बंदिस्तीसाठी पूर्वी शिलोत्री नावाचा स्वतंत्र धाराच होता. आतले बांध ज्याचे त्याचे. ते कोरले गेले तर दोन घरांत अबोला होतो, फार तर डोकी फुटतात. परंतु समुद्राकडचा मोठा बांध कोणा एकाचा नसतो. तो सर्वांच्या अंगमेहनतीने राखावा लागतो, त्याच्या उघाडीच्या झडपा पाहाव्या लागतात, आणि त्यास एकदा खांड पडली व खारे पाणी आत शिरले, की कोणाचे खाचर कोणते हा प्रश्नच उरत नाही, कारण कोणाच्याच खाचरात त्यापुढे काही पावसाळे भात उभा राहत नाही. त्या दिवशी आतल्या रेघांची जाडी, रूप आणि रंग यांविषयी कोणी बोलताना आढळणार नाही. बाहेरची चौकट प्रथम, बाकीच्या रेघा मागाहून, हा क्रम खारेपाटातल्या पोरासही कळतो. तो नियमावली लिहिणाऱ्या विद्वानांस कळू नये हे त्यांच्या गावी खाडी नसल्याचे लक्षण आहे.

आपल्याकडे सीमा लिहून ठेवण्याची कला काही आजची नव्हे. शिलाहारांच्या काळापासून कोकणात दानाच्या जमिनीवर जे गधेगळ उभे केले जात, त्यांतील काही अलिबागेजवळ अक्षीसही सापडले आहेत. गधेगळ म्हणजे तीन ओळींचे एक शुद्ध कोष्टकच होय. वरच्या चौकटीत सूर्य व चंद्र, म्हणजे नोंदीची मुदत. मधल्या चौकटीत मजकूर. आणि खालच्या चौकटीत, जो कोणी मजकुरात फेरफार करील त्याच्या मातेच्या संबंधात एका गर्दभाने काय करावे याचे शिल्प, जे सभ्य नियतकालिकात वर्णिता येत नाही. तिन्ही चौकटी आडव्या पट्ट्यांनी स्वच्छ विभागलेल्या असतात. आजच्या उताऱ्यावर अंकीय स्वाक्षरी आणि पडताळणीचा क्रमांक असतो. दोहोंपैकी कोणत्या उपायाचा दरारा अधिक, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पुढे दगड गेला आणि कागद आला, तेव्हा आपल्या लोकांनी रेघा ओढण्याचाच आळस केला. व्यापाऱ्याच्या वहीत उभ्या रेघा नसत. पानाला घड्या घालून सळ पाडीत, आणि त्या सळांच्या आधाराने रकमा मांडीत. शाई लागत नसे, आणि कोणाची रेघ हा वादही उद्भवत नसे. मोडी लिहिणारा कारकून तर याच्या उलट: तो आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेखा ओढून मोकळा होई आणि मग तिला खालून अक्षरे लटकावीत जाई. ओळ आधी आणि मजकूर नंतर, हे जे तत्त्व संगणकाच्या अभियंत्यांस अलीकडे सापडले, ते पेशवे दप्तरातील कोणाही कारकुनास शिकविण्याची गरज नव्हती. छापखाने आल्यावर गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पहिले मराठी पंचांग शिळाछापावर काढले. शिळेवर हाताने लिहावयाचे असल्यामुळे कोष्टक कसेही आखता येई. शिशाच्या खिळ्यांची जुळणी आली आणि खरा वनवास सुरू झाला: रेघेसाठी पितळी पट्ट्या कापावयाच्या, त्या आडव्या-उभ्या बसवावयाच्या, आणि जेथे दोन पट्ट्या मिळतात त्या कोपऱ्यात केसभर फट राहिली की ती छापून यावयाचीच. जुन्या सरकारी अहवालांतील कोष्टके भिंगाखाली धरून पाहिली तर प्रत्येक चौकातून वारा खेळताना दिसतो.

मात्र आपल्या लिपीने जो उपद्व्याप करून ठेवला आहे त्याची कल्पना क्नूथ आणि लॅम्पोर्ट यांस येणे शक्य नव्हते. रोमन अक्षराच्या डोक्यावर काही नसते, पायाखाली क्वचित असते. आमच्या अक्षरास डोक्यावर शिरोरेखा, शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. आणि पायाशी उकार, ऋकार व जोडाक्षरांचे लोंबते घटक. लाटेकच्या मूळ घडणीत आडवी रेघ वरच्या-खालच्या ओळींस इतकी बिलगून बसते की ‘पूर्व’ शब्दातला रफार छताला टेकतो आणि ‘भू’चा पाय खालच्या भाडेकरूच्या घरात उतरतो. त्यातून शिरोरेखा स्वतःच एक आडवी रेघ. तिच्या वर कोष्टकाची दुसरी आडवी रेघ आली की लांबून पाहणाऱ्यास मधला शब्द खोडलेला वाटतो. ओळीची उंची वाढवून हे बरे करता येते, पण तसे करावे लागते हे प्रथम कोणाच्या तरी ध्यानात यावे लागते, आणि ज्याच्या ध्यानात येते त्याच्याकडे बहुधा ते करण्याचा अधिकार नसतो.

ठिपक्यांच्या रेघेचा धोका तर आणखी सूक्ष्म. अनुस्वार हाही ठिपका आणि रेघही ठिपक्यांची. दोहोंत पुरेसे अंतर नसेल तर पांडुरंगाचे दोन्ही अनुस्वार रेघेत सामील होऊन खाली ‘पाडुरग’ उरतो, आणि ज्यास अनुस्वार कधी नव्हताच त्या सदाशिवाच्या डोक्यावर एक सरकारी ठिपका येऊन तो ‘सदांशिव’ होतो. पुढे नावात बदल झाल्याचे प्रतिज्ञापत्र, त्यावर मुद्रांक, राजपत्रातील जाहिरात, आणि दोन्ही नावांचा इसम एकच असल्याचा दाखला. याच नमुन्यात आणखी एक फेरबदल असा आहे की, मयत खातेदाराचे अथवा कमी झालेल्या बोजाचे नाव पूर्वी कंसात घालीत, ते आता आडव्या रेघेने खोडलेले दाखवावयाचे. म्हणजे एकाच रकान्यात दोन प्रकारच्या आडव्या रेघा आल्या: एक नावांच्या मधून जाणारी आणि एक नावामधून जाणारी. पहिली अर्धी ओळ वर सरकली तर जिवंत चुलता मयत व्हावयाचा. असे कोठे घडले असे माझे म्हणणे नाही. रेघेवर केवढी जबाबदारी आहे एवढेच निदर्शनास आणतो.

इतके झाल्यावर कोणी विचारील की रेघा मुळी हव्यातच कशाला? असे विचारणारा एक थोर पंथ आहे. लाटेकसाठी सायमन फिअर यांनी ‘बुकटॅब्ज’ नावाचे जे साहित्य केले त्यासोबत दोन आज्ञाही दिल्या: उभी रेघ कधीही वापरू नका, आणि दुहेरी रेघ कधीही वापरू नका. वर एक, मथळ्याखाली एक, शेवटी एक; बाकी सारे मोकळ्या जागेने सांभाळावे. शास्त्रीय आकड्यांच्या बाबतीत मी या आज्ञेपुढे मान तुकवितो, आणि त्यास दाखला अलिबागेचाच आहे. मुंबईत विजेच्या ट्रॅमगाड्या धावणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकसुया बहकणार, म्हणून ती चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागेस आणली. तत्पूर्वीच्या आणि त्या सुमाराच्या, १८४६ ते १९०५ अशा साठ वर्षांच्या वेधांची आकडेवारी तिचे संचालक नानाभॉय मूस यांनी दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध केली. आकड्यांचे नुसते अरण्य. असल्या अरण्यात प्रत्येक आकड्याभोवती चौकट घातली तर आकडे दिसेनासे होऊन नुसती मच्छरदाणी दिसेल. चुंबकीय बलास नातेवाईक नसतात. पहाटे चारचा आकडा पाचच्या आकड्यावर दावा लावीत नाही, की त्याच्या हिश्शातली विहीर मागत नाही. म्हणून तेथे रेघ नसली तरी चालते.

माणसांच्या कोष्टकात चालत नाही. तेथे एकेका उभ्या रेघेमागे काय काय असते ते पाहावयाचे तर नमुना सातच्या उजव्या हाताचा रकाना पाहावा, ज्यात कुळाचे नाव, खंड व इतर अधिकार लिहिलेले असतात. अलिबागेपासून जवळच असलेल्या चरी गावी १९३३ साली कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्धार केला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. १९३४ साली डॉ. आंबेडकर तेथे सभेस आले. आणि जवळजवळ सहा वर्षे ज्यांचे पोट त्या भातावरच होते त्यांनी ती जमीन पडीक ठेवून, जंगलातला लाकूडफाटा विकून दिवस काढले. त्यानंतर १९३९ च्या कायद्याने संरक्षित कूळ ही संज्ञा आली, आणि १९४८ च्या कायद्याने पुढे कसणारा मालक होण्याचा मार्ग उघडला. कसणाऱ्याचे नाव कागदावर लागावे आणि ते कोणास सहजासहजी पुसता येऊ नये, यासाठी माणसे सहा वर्षे अर्धपोटी राहिली. त्या रकान्याच्या डावीकडची रेघ काढून मोकळी जागा सोडा म्हणून सांगण्यास बुकटॅब्जकारांनी चरीस यावे. मी त्यांस मांडव्यापर्यंत लाँचने घेऊन येईन, पुढचे त्यांचे त्यांनी पाहावे.

उभ्या रेघांचे हे असे. परंतु कुटुंबकलह पेटविण्याच्या कामी आडव्या रेघेचा अभाव किती कार्यक्षम असतो, याचे एक ताजे उदाहरण माझ्या परिचयात आहे. पुण्यास नोकरी करणाऱ्या, मूळच्या अष्टागरातल्या एका तरुण अभियंत्याने गणपतीत घरी यावयाचे म्हणून सामाईक जमिनीचा एक सुबक तक्ता लाटेकमध्ये सिद्ध केला. पाच चुलते, एक खाते, आणि क्षेत्र सर्वांचे मिळून एकच. जुन्या संगणकीय उताऱ्यावर अशा वेळी नावांखाली लहान आडव्या खुणांच्या मध्ये ‘सामाईक क्षेत्र’ असे लिहून आकडा दिलेला असे. दिसावयास ओबडधोबड, पण निरुपद्रवी. या मुलास ते अशोभनीय वाटले. त्याने क्षेत्राचा चौकोन पाच ओळींवर पसरविला, आतल्या रेघा काढून टाकल्या, आणि नियमाप्रमाणे आकडा चौकोनाच्या बरोबर मध्यभागी आणून बसविला. पाचांच्या मधली ओळ तिसरी. तिसऱ्या ओळीवर भाऊकाका. आरती झाल्यावर तक्ता ओटीवर पसरला, आणि थोरल्या काकांनी चष्मा पुसून पाहिले तो सारे एकोणीस गुंठे भाऊच्या नावासमोर.

“हे केव्हा झाले?” एवढेच ते म्हणाले.

मुलाने समजावून सांगितले की हा आकडा पाचही जणांचा आहे, तो मध्यावर आला तो केवळ दृष्टीस बरा दिसावा म्हणून. धाकटे काका म्हणाले की मग दृष्टीस बरा दिसावा म्हणून माझ्यासमोर का नाही आला? भाऊकाका स्वतः काही बोलले नाहीत. त्यांनी तक्त्याची एक प्रत मागून घेतली, आणि मोदक न खाता ते लवकर निजावयास गेले, ही गोष्ट इतर चौघांना अधिक संशयास्पद वाटली. दुसऱ्या दिवशी मुलाने पाच नावांना कवेत घेणारा एक महिरपी कंस घातला, क्षेत्राच्या चौकोनाभोवती पूर्ण चौकट ओढली, आणि आकड्याखाली ‘सर्वांचे सामाईक’ असे लिहिले. काकूंनी ते मोठ्याने वाचून दाखविले तेव्हा कोठे ओटीवर चहा आला.

याहून घातक एकच प्रसंग असतो, तो म्हणजे पान संपणे. नावे इतकी की उतारा दुसऱ्या पानावर जातो. पहिल्या पानाच्या तळाशी शेवटच्या नावाखाली रेघ ओढावी की न ओढावी, आणि दुसऱ्या पानाच्या माथ्याशी ती पुन्हा ओढावी की न ओढावी, हे कोणी ठरवून दिले नसेल तर व्यवस्था एकतर दोन्हीकडे ओढते किंवा कोठेच ओढीत नाही. कोठेच न ओढल्यास पहिल्या पानावरचा शेवटचा इसम आणि दुसऱ्या पानावरचा पहिला इसम यांचे अद्वैत होते. त्यातच आडनाव नेमके पानाबाहेर पडले आणि दुसऱ्या पानाची झेरॉक्स काढावयाची राहिली, की वारसाची नोंद घेणाऱ्या तलाठ्यांनी, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचे, काय करावे? ते कागद परत करतात, आणि अर्जदार पुन्हा एस. टी. धरतो.

तेव्हा जे कोणी अभियंते अशी कोष्टके रचीत असतील त्यांस एवढीच विनंती आहे: बाहेरची चौकट आधी घाला; नाव ओळीत मावत नसेल तर रकाना रुंद करा, आडनाव खाली सांडू देऊ नका; ठिपक्यांची रेघ वरच्या उकारापासून आणि खालच्या अनुस्वारापासून सारख्या अंतरावर ठेवा; सामाईक आकडा कोणाही एकाच्या नावासमोर येऊ देऊ नका; आणि पान तुटले तर रेघ दोन्ही पानांवर ओढा व मथळा पुन्हा छापा. छापण्यापूर्वी त्या तक्त्याची एक प्रत एखाद्या तात्यांच्या हाती देऊन, ते बोट कोठे ठेवतात तेही पाहावे.